चार इंच हवा, एक इंच वाकळ

फोन काकींचा आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्या घरातून फोन यायचा तो आप्पांचा. काकी मागून मोठ्यानं सूचना करायच्या, "जेवली काय इचारा की तिला." त्या दिवशी मी तंत्रनिकेतनात मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. काकी नेहमीसारख्याच बोलल्या, फक्त हळू आवाजात. "वैशाली, आप्पा गेलं गं. पाचला माझा चष्मा आणायला जायाचं होतं. गाडी वर करून ठिवली आणि म्हणालं, घटकाभर पडतो. चहा टाकून हाक मारली तर..."

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. 'गाडी वर करून ठेवली' या चार शब्दांचा अर्थ त्या घराबाहेर फार थोड्यांना कळेल, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं, पण एकेक आठवायला लागलं की हसूच येतंय. आप्पांच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं. गंभीर चेहरा करून त्यांच्या शेडमध्ये जावं आणि पोट धरून बाहेर यावं.

मी मूळची जयसिंगपूरची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. यंत्र अभियांत्रिकीची पदवी झाली, कोल्हापुरात शिकवायची नोकरी मिळाली आणि मी खोली शोधायला लागले. दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न नावाचा असायचा, दुसरा आडनावाचा, आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत आप्पांकडे गेले तेव्हा मी वैतागून आधीच सांगून टाकलं, "मी कांबळे. आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर खोली बघते." आप्पा घरामागच्या शेडमध्ये लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि करतीस काय?" म्हटलं, मेकॅनिकल इंजिनिअर आहे, शिकवते. तेव्हा कुठे त्यांनी लेथ बंद केला. "मग पाना धरता येतोय?" मी खरं तेच सांगितलं, "फारसा नाही." आतून काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "द्या तिला खोली. खरं बोलणारं एक तर माणूस ऱ्हाऊ दे ह्या घरात!"

आप्पा म्हणजे शामराव लोहार. शाळा सातवीपर्यंत. त्यानंतर चाळीस वर्षं एका कारखान्यात टर्नर, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचा एक जुना लेथ घेऊन या शेडमध्ये मालक आणि कामगार दोन्ही तेच. शेडच्या अर्ध्या भागात त्यांची गाडी असायची. साठ सालच्या आसपासची, दोन दारांची, फिकट निळी, अंगानं गोल आणि एवढीशी की गल्लीतले सगळे तिला 'डबी' म्हणत. कारखान्याच्या मालकांनी भंगारात काढलेली ती गाडी आप्पांनी घरी आणली आणि दोन वर्षं खपून चालती केली. संजयदादाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलाला, दवाखान्यातून घरी आणलं ते डबीतून. काकींचं माहेर, बाजार, लग्नकार्य, सगळं डबीतून. आप्पा चालवणार आणि काकी डाव्या बाजूला बसून ब्रेक कधी दाबायचा ते सांगणार.

मी राहायला गेले तेव्हा मात्र हे थांबलेलं होतं. काकींचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं आणि खाली, बुटक्या जागेवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डबीची सीट तर जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. एकदा तपासणीला न्यायचं होतं तेव्हा संजयदादानं आणि शेजाऱ्यांनी दोन्हीकडून धरून काकींना उचललं आणि आत बसवलं. गल्ली बघत होती. घरी आल्यावर काकी म्हणाल्या, "जोंधळ्याचं पोतं घातल्यागत घातलं मला. आता मी ह्या गाडीत न्हाय बसत." रिक्षाचे हादरे सोसत नव्हते, नव्या मोठ्या गाड्यांत चढता येत नव्हतं. जोंधळ्याच्या पोत्याची ती आठवण एवढी बोचली की काकींनी बाहेर पडणंच सोडलं. दोन वर्षं अंगण आणि स्वयंपाकघर, एवढंच त्यांचं कोल्हापूर.

संजयदादा पुण्यात असतो. त्याला आईवडिलांची काळजी होती, त्यात खोटं काही नव्हतं. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ त्याला भेटले होते आणि डबी त्यांना देऊन टाकावी, असं त्याचं मत होतं. "आई बसत नाही, तुमचं वय झालंय, मग गाडी कुणासाठी ठेवायची?" आप्पा यावर नुसता लेथ चालू करायचे. मग एकदा ते पुण्याला त्याच्याकडे जाऊन आले आणि परतले ते उत्तर घेऊनच. पिशवी खाली ठेवायच्या आधी बोलायला लागले. पुण्यात त्यांनी एक बस बघितली होती. स्टॉपवर थांबली की ती बस फुस्स करून एका बाजूला खाली वाकायची, म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून. "बस गुडघं टेकती गं! खाली बलून असत्यात हवेचं, हवा सोडली की खाली, भरली की वर. आता मला सांग, एवढी मोठी बस वाकती, तर आपल्या डबीनं उठून उभं ऱ्हायला काय झालं? मोठं माणूस आलं की आपण उठतोच की न्हाय?"

त्या क्षणी मला हे वेड वाटलं. दुसऱ्या दिवशी मी वही काढली.

काकी कुठल्या खुर्चीवरून स्वतःच्या स्वतः उठू शकतात ते आम्ही आधी बघितलं. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची, एकोणीस इंच. म्हणजे सीट पाच इंच वर यायला हवी होती. मी हिशेब मांडून सांगितलं, चार इंचांच्या वर गेलो तर ब्रेकचे पाइप ताणतील आणि शाफ्टही अडेल. आप्पा म्हणाले, पाच. मी म्हटलं, चार. तीन दिवस आमचं हे चाललं. शेवटी काकींनी आतून जुन्या लुगड्यांची शिवलेली एक वाकळ आणली, चौघडी केली आणि सीटवर टाकली. "हे घ्या तुमचा एक इंच. आता भांडू नगासा." माझ्या वहीत आजही ते तसंच लिहिलेलं आहे, 'चार इंच हवा, एक इंच वाकळ.'

मग गाडीचं वजन हवं होतं, कुठल्या चाकावर किती भार येतो ते कळल्याशिवाय बलून निवडता येत नव्हते. हंगामाचे दिवस होते. आम्ही डबी घेऊन गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गेलो, तर पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि त्या रांगेत आमची डबी. नंबर आला तेव्हा काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पावणं, ऊस कुठाय?" आप्पा शांतपणे म्हणाले, "ऊस घरात रुसून बसलाय. त्याच्यापायीच आलोय." मागचे ट्रॅक्टरवाले हसले, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. पुढची चाकं काट्यावर, मग मागची चाकं काट्यावर, मग मी आत बसून, मग मी उतरून. परत येताना मी विचारलं, "आप्पा, काकींचं वजन किती धरू?" त्यांनी मोकळ्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवला. "पंचावन्न धर." "आप्पा, खरं सांगा." "लग्नातलं सांगिटलं की!" मी वहीत बहात्तर लिहिलं आणि ते पान काकींना कधीच दाखवलं नाही.

ट्रकच्या केबिनखाली असतात तसे चार छोटे बलून मिळाले. जुने पाटे आणि स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी बलून बसवायचे, तर प्रत्येकाला वरखाली लोखंडी बैठक हवी. ती आप्पांनी एकेक करून लेथवर घडवली. माझं काम आकृत्या काढायचं आणि अडून बसायचं. हवा अचानक गेली तरी गाडी धाडकन आदळू नये म्हणून रबरी ठोकळे घालायलाच हवेत, म्हणून मी अडले, आणि त्यांनी घातले. डिकीत कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी गेली. वर-खाली करायला घराच्या बेलची दोन बटणं लावली, पांढरं वर जायला, लाल खाली यायला. पहिल्यांदा पांढरं बटण दाबलं तेव्हा डबीची मागची बाजू उठली आणि पुढची तशीच राहिली. शेजारचे तात्या कुंपणावरून म्हणाले, "शामराव, गाडी शेण टाकाय लागली जणू!" आप्पांनी हातातला पाना त्यांच्याकडे रोखला, पण हसून हसून त्यांनाच खाली बसावं लागलं.

भादव्यात संजयदादा आला आणि हे सगळं बघून त्यानं कपाळाला हात लावला. "बाबा, आई यातनं पडली म्हणजे?" त्याचा प्रश्न बरोबर होता. आप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "दसऱ्याला तुझी आई कुणाचा हात न धरता ह्यात बसली तर गाडी ऱ्हाईल. न्हाय बसली, तर मी सवता चावी दीन तुझ्या त्या पावण्याला." शब्द दिला म्हणजे दिला. त्या दिवसापासून मी बघायची, दुपारी कुणी बघत नाही असं समजून काकी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठायच्या आणि बसायच्या. उठायच्या आणि बसायच्या.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळपर्यंत सगळं जमून आलं होतं. त्या दिवशी त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, पकडी, करवत, हातोडे, जॅक, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं होतं. काकींनी विळी आणि कोयताही आणून ठेवला. आप्पा मला म्हणाले, "तुझं हत्यार आण." मी पूजा करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "तू नगो करूस. हत्यार दे निस्तं." मी माझा कॅल्क्युलेटर दिला. तो हातोड्याशेजारी झेंडूची फुलं घेऊन ऐटीत बसला. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्यार उचलायचं नाही, हा आप्पांचा नियम. वर्षभर राबतात ती, एक दिवस बसू देत, असं म्हणायचे.

आणि दुपारी बघतो तर डबीचं डावं पुढचं चाक मडगार्डात शिरलेलं. काकींच्याच बाजूची हवा गेली होती. पुन्हा भरली, तासाभरात पुन्हा गेली. साबणाचं पाणी लावून बघितलं. जिथवर नजर पोचत होती तिथवर एकही बुडबुडा नव्हता. संजयदादा संध्याकाळी यायचा होता, मला संध्याकाळच्या एसटीनं जयसिंगपूरला जायचं होतं, कारण दसऱ्याला आमच्याकडे विहारात वंदना असते. मी म्हटलं, "आप्पा, मी तर पूजा केलेली नाही. कॉलेजातून पाने आणते आणि मी खोलते." आप्पांनी मान हलवली. "पाना कुणाचा बी असूंदे, आज बसलाय." गाडी जाईल ही भीती त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होती. तरी पाटावरच्या एका पान्याकडेही त्यांनी हात नेला नाही.

मला तेव्हा माझे वडील आठवले. त्यांचं जयसिंगपुरात पंक्चरचं दुकान आहे. कॉलेजात कुणी विचारलं की मी 'टायरचा व्यवसाय' म्हणायची. आप्पांनाही तेच सांगितलं होतं. ट्यूबचं भोक इतकं बारीक असलं की पाण्यातही दिसत नाही, तेव्हा वडील ओठ ओले करून ट्यूबवरून तोंड फिरवायचे. ओल्या ओठांना सगळ्यात बारीक हवा कळते, असं ते म्हणायचे. मी हवा भरून गाडी वर केली, आप्पांनी खाली लाकडी ठोकळे सरकवले, आणि मी ओठ ओले करून गाडीखाली गेले. एकेका जोडापाशी तोंड नेत गेले. डाव्या बलूनच्या मागं, हात वळवून जिथं पोचावं लागतं तिथं, ओठांना गार लागलं. केसासारखी बारीक हवा. बाहेर आले तर आप्पा माझ्या तोंडावरच्या काळ्या वंगणाकडे बघत होते. "हे कॉलेजात शिकिवत्यात?" मी म्हटलं, "नाही. पंक्चरच्या दुकानात. माझ्या वडिलांच्या." कोल्हापुरात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले होते. आप्पा एवढंच म्हणाले, "मग आधी सांगाय काय झालतं? मी उगंच तुला कॉलेजची समजत हुतो."

तो जोड नव्या पद्धतीचा होता, नळी नुसती बोटानं आत दाबून बसवायची, पाना लागतच नाही. आप्पांचा त्यावर विश्वास नव्हता. हवा सोडून मी ती नळी ओढून काढली, तर तोंड तिरकं आणि कुरतडलेलं. चाळीस वर्षं लोखंडाचे पाइप कापलेल्या माणसानं ही मऊ नळीही करवतीनंच कापली होती. तिरक्या तोंडातून हवा जाणारच. आप्पांनी नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "चूक माझीच म्हणायची." आता ती सरळ कापायला धारदार पातं हवं होतं, आणि घरातलं एकूण एक पातं पाटावर बसलेलं. विळीसुद्धा. आम्ही दोघं पाटाकडे बघत उभे राहिलो... तेवढ्यात काकी काठी टेकत आल्या आणि हात पुढे केला. हातात आप्पांची दाढीची पत्ती होती. "हिला कुणी पाटावर बसवलं न्हाय," काकी म्हणाल्या. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून मी तिच्या कडेनं सरळ कापली, दाबून बसवली आणि पुन्हा हवा भरली. मग ठोकळे काढले आणि मडगार्ड जिथवर आलं तिथं मागच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. सकाळी गाडी रेघेला असली तर जमलं. एसटी सुटली तेव्हा माझं तोंड अजून काळंच होतं.

दसऱ्याला दुपारी विहारातून आम्ही घरी आलो. मी फोन हातात घेऊन बसले होते. मला लावायचं धाडस होत नव्हतं आणि तिकडून येत नव्हता. चारच्या सुमाराला घरालगतच्या आमच्या दुकानासमोर हॉर्न वाजला. तो हॉर्न मी कुठंही ओळखला असता. डबी उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. आप्पा चालवत होते, मागे संजयदादा अंग चोरून गुडघे हनुवटीला लावून बसला होता, आणि डाव्या बाजूला नव्या लुगड्यात काकी, मांडीवर आपट्याची पानं. आप्पांनी पांढरं बटण दाबलं. घर्र आवाज करत डबी उठली. रस्त्यावरची माणसं थांबली. काकींनी दार उघडलं, पाय खाली टेकले आणि कुणाकडेही न बघता उभ्या राहिल्या. संजयदादानं मागून हात पुढे केला होता, त्याला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हात. मी उतरतो माझी मी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हितंवर येऊस्तर ह्यास्नी चौदा टायमाला ब्रेक दाबाय सांगिटलं. दोन वर्षांचं साठलं हुतं."

आप्पा माझ्या वडिलांसमोर गेले, सोनं दिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोरीनं तुमचं नाव राखलं बघा." वडिलांना आयुष्यात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. ते गोंधळून हसले, मग काय करावं ते न सुचून खाली बसले, ओठ ओले केले आणि डबीचे चारही जोड एकेक करून तपासून आले. "ह्ये चांगलं बसलंय," ते म्हणाले. माझ्या पदवीच्या दिवशीही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

पुढची सहा वर्षं डबी रोज निघाली. मी खोली सोडली, लग्न झालं, पण डबी चालवायला मला आप्पांनीच शिकवलं आणि शेजारी काकी असल्यामुळे ब्रेकही वेळेवर दाबता येऊ लागले. माझ्या प्रत्येक वर्गाला मी वर्षातून एकदा त्या शेडमध्ये न्यायची. आप्पा मुलांना पहिला प्रश्न तोच विचारायचे, पाना धरता येतोय काय? खंडेनवमीला ते मला मुद्दाम बोलावून भिंतीवरची खडूची रेघ पुन्हा ठळक करायला लावायचे, आणि त्या वर्षापासून पाटावर एक नवी दाढीची पत्तीही बसायला लागली.

आप्पा गेल्यावर पंधराव्या दिवशी मी काकींना भेटायला गेले. चष्मा अजून दुकानातच होता. काकी म्हणाल्या, "चल, आणू." शेडचं दार उघडलं. डबी आप्पांनी वर करून ठेवली होती तशीच उभी होती. पंधरा दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता. मी भिंतीकडे बघितलं, गाडी रेघेच्या फक्त बोटभर खाली आली होती. वाकळ सीटवर होती. काकी बसल्या, काठी आत घेतली. मी चालवायला बसले, लाल बटणावर बोट ठेवलं, आणि ते दाबवेना. काकी थांबल्या. "काय गं?" मी म्हटलं, "काकी, ही हवा आप्पांनी भरलेली आहे." त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं... मग म्हणाल्या, "हवा काय लोणचं हाय व्हय, मुरवत ठिवायला? सोड. मला दिसाय पायजे न्हवं." मी बटण दाबलं. फुस्स करून डबी खाली बसली. गल्लीच्या तोंडाशीच काकींनी पहिला ब्रेक दाबायला सांगितला.

चष्मा घालून आम्ही परत आलो. मी गाडी जागेवर लावली, पांढरं बटण दाबलं, डबी उठली. काकी उतरल्या, वाकळ झटकली, पुन्हा चौघडी करून सीटवर ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या. मी भिंतीजवळ जाऊन बघितलं, मडगार्ड बरोबर रेघेला होतं. मग साडी वर खोचून खाली वाकले, ओठ ओले केले आणि डाव्या बलूनच्या मागं, त्या जोडापाशी, बराच वेळ तोंड नेऊन थांबले. हवा कुठंच जात नव्हती.